आधी भाकर, मग उपदेश



आज सामान्य काळातील एकोणिसावा रविवार. पहिल्या वाचनात एलिया संदेष्टा होरेब डोंगरावर उभा आहे. सोसाट्याचा वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी पेटतो, पण परमेश्वर त्यांत नसतो. मग एक मंद, शांत वाणी ऐकू येते आणि एलिया झग्याने तोंड झाकून गुहेच्या दाराशी येतो. हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. परंतु एलिया त्या डोंगरापर्यंत पोहोचला कसा, हे आजच्या वाचनात येत नाही. तो भाग राजांच्या पहिल्या पुस्तकातील त्याच एकोणिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. आज घरी गेल्यावर तो अवश्य वाचावा.

राणी ईजबेलने जीव घेण्याची धमकी दिली म्हणून एलिया पळाला. बैर-शेबाला त्याने आपल्या सेवकाला मागे ठेवले आणि एकटाच दिवसभर रानातून चालत राहिला. शेवटी रतामाच्या एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांना एकटा पुरून उरलेला हा माणूस, आता 'पुरे झाले' म्हणून आडवा झाला. तेव्हा देवाने काय केले? त्याची कानउघाडणी केली नाही. श्रद्धेवर प्रवचन दिले नाही. आधी त्याला झोपू दिले. मग देवदूताने हात लावून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवले होते. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्यालाही हरकत घेतली नाही. दुसऱ्यांदा उठवले, पुन्हा खाऊ घातले आणि पुढची वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे, हेही प्रेमाने मान्य केले. त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस चालला. 'तू इथे कशाला आलास', हा देवाचा प्रश्न त्यानंतर आला. आधी झोप, आधी भाकर, मग प्रश्न, मग नवी कामगिरी. हा क्रम आपण लक्षात ठेवू या. आज त्याच क्रमाने आपल्या घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा विचार करायचा आहे.

मुलांचा दिवस

कॉलेजे सुरू होऊन आता काही आठवडे झाले. वसईच्या गावांतून अंधेरी, पार्ले, वांद्रे किंवा चर्चगेटपर्यंत शिकायला जाणाऱ्या मुलामुलींचा दिवस आपण एकदा नीट पाहावा. पहाटे पाच-साडेपाचला गजर वाजतो. अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटे हाच नाश्ता. रिक्षाने किंवा बसने स्टेशन गाठायचे. विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये शिरायचे. चर्चगेटपर्यंत फास्ट लोकललाही तासाभराचा प्रवास, तोही बहुधा उभ्याने. पावसात गाडी रखडली तर विचारूच नका. लेक्चर, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट. मधल्या सुट्टीत वडापाव किंवा चायनीज भेळ आणि त्यावर थंड पेय. संध्याकाळी क्लास. घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात. मग दिवसभराची भूक एकदम जागी होते आणि दहाच्या सुमारास भरपेट जेवण होते. जेवण झाले की 'आता जरा माझा वेळ' म्हणून मोबाइल हातात येतो, तो एक वाजला तरी सुटत नाही. पहाटे पाचला पुन्हा गजर.

असे दोन वर्षे चालले की कपडे घट्ट होतात. मग आईवडील आमच्याकडे येतात. "फादर, हिला जरा समजवा. खाण्यावर ताबाच नाही." "फादर, हा दिवसभर लोळत असतो. आमच्या वेळी असे नव्हते."

आईवडिलांनो, तुमची काळजी खरी आहे. लहान वयात वाढलेल्या वजनाबरोबर मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखीही लवकर घरात येऊ शकतात. पण उपदेशाआधी मुलांच्या शरीरात काय घडते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

जिभेचे चोचले की थकवा?

२००४ साली अमेरिकेत शिकागो येथील संशोधकांनी बारा निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. त्यांचे सरासरी वय बावीस, म्हणजे आपल्या पदवीधर मुलांएवढेच. दोन रात्री त्यांना झोपण्यासाठी फक्त चार तास दिले आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा तास दिले. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या संप्रेरकाला लेप्टिन म्हणतात, तर भूक लागल्याचा निरोप देणाऱ्याला घ्रेलिन. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले होते आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले होते. त्या तरुणांनी स्वतः सांगितलेली भूकही सुमारे २४ टक्क्यांनी वाढली होती. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढ तर विशेष वाढली होती. दोन रात्रींत एवढा फरक पडतो, मग दोन वर्षांच्या जागरणाचा परिणाम किती होत असेल?

ताणाचेही तसेच आहे. परीक्षा, फी, प्लेसमेंट, घरच्यांच्या अपेक्षा, मैत्रीतील रुसवेफुगवे यांचे दडपण रोज राहिले की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक चढे राहते. त्यामुळे अनेकांना गोड आणि तळलेले खावेसे वाटते आणि पोटाभोवती चरबी साठू लागते. काहींच्या बाबतीत याच्या उलट घडते. त्यांची अन्नावरची वासनाच उडते, डबा भरलेलाच घरी परत येतो आणि वजन उतरते. पहिल्याला आपण 'खादाड' म्हणतो, दुसरीला 'नखरेल' म्हणतो. खरे पाहता दोघेही रतामाच्या झुडपाखाली बसलेले असतात.

"आमच्या वेळी असे नव्हते," हे म्हणणेही खरे आहे. त्या वेळी सकाळी वाडीत पाणी शिंपून मग शाळेला जायचे, रहाटावर काम करायचे, सायकल दामटत स्टेशन गाठायचे. पेज, तांदळाची भाकरी, सुके बोंबील, वालाची भाजी, परसातली केळी हे जेवण होते आणि रात्री नऊला गावात सामसूम होई. भात तेव्हाही दोन वेळा होता, पण तो जिरवणारा दिवसही होता. वाड्या कमी झाल्या, विहिरीवर मोटार आली, फाटकापासून स्कूटर आली. यांतला एकही बदल मुलांनी केलेला नाही. आयुष्याची घडी आपण मोठ्यांनी बदलली आणि तिचे वजन मात्र मुलांच्या अंगावर दिसते. तेव्हा दोष द्यायचाच असेल तर तो सगळ्या घराने वाटून घ्यावा.

डोळ्यांचा तराजू

आपण डोळ्यांनी माणसे तोलतो, पण हा तराजू खोटा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंची आणि वजन यांवरून काढलेला शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन माणसांत एवढा फरक! आपल्या देशात सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो, त्याचे एक कारण हे आहे. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची सावधगिरीची रेषा २५ वर नव्हे तर २३ वरच आखली जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर कृश होत्या. तेव्हा जाडीला हसणे आणि बारीकपणाचे कौतुक करणे, या दोन्ही गोष्टी अज्ञानाच्या आहेत.

अज्ञानापेक्षाही मोठी गोष्ट आहे ती जिभेची. लग्नाच्या मांडवात, बारशाला, मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर आपण किती सहज बोलून जातो! "अगं, केवढी सुटलीस!" "याला आता दोन खुर्च्या लागतील." "अशीच राहिलीस तर लग्न कसं होणार?" बोलणारा मावशी-काका या नात्याने बोलतो, हसतो आणि जेवायला निघून जातो. ऐकणारी मुलगी मात्र त्या दिवशी जेवत नाही. दुसऱ्या दिवशीही दिवसभर उपाशी राहते आणि रात्री सगळे झोपल्यावर फ्रिज उघडते. मग स्वतःचीच लाज वाटून रडते. पुढच्या रविवारी पुढे उभे राहावे लागू नये म्हणून गायनवृंदात येणे सोडते. आपण म्हणतो, "हल्लीची पोरं चर्चपासून दूर चालली आहेत." कधी कधी आपल्याच एका वाक्याने त्यांना दाराबाहेर काढलेले असते. संत याकोबाने आपल्या पत्रात जिभेला ठिणगीची उपमा दिली आहे. लहानशी असते, पण रान पेटवते.

आजच्या शुभवर्तमानातही तोच क्रम आहे. पेत्र पाण्यावरून चालू लागतो, वारा पाहून घाबरतो आणि बुडू लागतो. त्याचा विश्वास कमी पडला, हे प्रभू येशूला दिसत नव्हते काय? ते त्याने सांगितलेच. पण आधी हात पुढे करून त्याला धरले आणि मग सांगितले. बुडणाऱ्याला पोहण्याचे धडे काठावरून देत नाहीत. मत्तयाने नोंदवलेला हा क्रम आम्हां धर्मगुरूंना, आईवडिलांना आणि शिक्षकांना एकसारखा लागू आहे.

शरीर आणि आत्मा

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात अशी समजूत असते की देवाला फक्त आत्म्याशी कर्तव्य आहे आणि शरीर ही नुसती भाड्याची खोली आहे. ही शिकवण ख्रिस्तसभेची नाही. तेराव्या शतकातील महान तत्त्ववेत्ता संत थॉमस अक्वायनस याने शिकवले की आत्मा आणि शरीर मिळून एकच माणूस होतो. शरीर दमले की प्रार्थनाही दमते. मन खचले की पोटही बिघडते. दुःखावर आणि खिन्नतेवर उपाय सांगताना या संताने आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात पाच गोष्टी दिल्या आहेत: मनाला सुखावणारी एखादी गोष्ट, मोकळेपणाने रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि पाचवी म्हणजे झोप व स्नान! ईश्वरविद्येच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात झोपेला आणि आंघोळीला जागा मिळाली, याचे नवल वाटायला नको. रतामाच्या झुडपाखालचा देव तोच आहे.

याचा अर्थ संयम नको असा नाही. खादाडपणाला ख्रिस्तसभा पापच मानते. पण पोप संत ग्रेगरी यांनी या पापाचे प्रकार सांगितले तेव्हा 'फार खाणे' हा त्यांतला केवळ एक होता. अवेळी खाणे आणि अधाशीपणे खाणे हेही त्यांनी त्यात धरले. आपण ताटात किती घेतो एवढेच नव्हे, तर कसे खातो, हाही आत्मपरीक्षणाचा प्रश्न आहे. डोळे मोबाइलवर आणि हात ताटात, अशा जेवणाआधी देवाचे आभार कोण मानणार?

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना आणखी एक सांगायचे आहे. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार याच वयापासून राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवसांचा उपवास तुम्हांला लागू होतो. त्या दिवशी एक वेळ पूर्ण जेवण घेता येते आणि दोन वेळा अल्पसे खाता येते. हा उपवास देवासाठी आणि गरिबासाठी आहे. वजन उतरवण्यासाठी आठवडाभर पाण्यावर राहणे याला उपवास म्हणत नाहीत. तो देहाचा छळ आहे. संत फ्रान्सिस असिसीकर आपल्या शरीराला गमतीने 'गाढव बंधू' म्हणत असे. आयुष्यभर त्याच्याकडून कठोर काम करून घेतल्यावर शेवटी त्याने त्या बंधूची क्षमा मागितली, असे त्याच्या चरित्रात येते. आपल्या गाढव बंधूलाही वेळेवर वैरण आणि विसावा द्यायला हवा.

आपण काय करू शकतो?

मोठे संकल्प पंधरा दिवसांत विरतात. म्हणून थोड्याच गोष्टी सुचवतो.

घरासाठी: दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे आणि त्या वेळी सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत असावेत, वडिलांचाही. सकाळी मुलांच्या हाती चहा-बिस्किटांऐवजी भाकरी, अंडे, उसळ किंवा निदान दोन केळी द्यावीत. आपली वसई केळ्यांची, आणि आपली मुले उपाशीपोटी गाडीत चढतात, हे शोभत नाही. रात्रीचे जेवण शक्य तेवढे लवकर घ्यावे. मुख्य म्हणजे वजनाविषयी टोमणा मारायचा नाही. बोलायचेच असेल तर "आज काय खाल्लंस? किती झोपलीस? कसलं टेन्शन आहे?" असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे.

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी: तुमच्या वयाला किमान सात तास झोप हवी. मोबाइल उशाशी ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे अंग हलवायला सांगते. त्यासाठी महागडी जिम लागत नाही. स्टेशनपासून कॉलेजपर्यंत चालणे, संध्याकाळी मैदानावर फुटबॉल किंवा घरापासून चर्चपर्यंत पायी येणे एवढ्यानेही पुष्कळ होते. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असे हीच संघटना सुचवते. ३०० मिलिलिटर कोलात ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा हिशेब संपला. आणि अंगमेहनत व योग्य आहार असूनही वजन भराभर वाढत किंवा उतरत असेल, मासिक पाळी अनियमित असेल, तर स्वतःला दोष देत बसू नका. थायरॉइड किंवा पीसीओएससारखी कारणे असू शकतात. डॉक्टरांना भेटा.

एखाद्याला एलियाप्रमाणे 'पुरे झाले, आता जगणे नको' असे वाटत असेल, तर त्याने एका क्षणासाठीही एकटे राहू नये. बैर-शेबाला सेवकाला मागे सोडले ती एलियाची सर्वांत कठीण घडी होती. घरी सांगा, मित्राला सांगा. आमचे दार कोणत्याही वेळी वाजवा. आम्ही झोपेतून उठून येऊ. शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते. देवदूत कधी कधी टेलिफोनवरूनही हात लावतो.

आपल्या धर्मग्रामासाठी: युवक मंडळाच्या सभांना यापुढे वेफर्स आणि थंड पेयांऐवजी फळे, चणे-शेंगदाणे आणि लिंबू सरबत ठेवू या. सभा रात्री नऊच्या आत संपवू या. रविवार हा प्रभूचा दिवस आहे. तो क्लासच्या वेळापत्रकाने पूर्ण गिळू नये, अशी पालकांना आमची विनंती आहे. सहा दिवस धावलेल्या मुलाला सातव्या दिवशी मिस्सा, घरचे जेवण आणि दुपारची झोप मिळणे हा आळस नव्हे. विसाव्याची आज्ञा दहा आज्ञांमध्ये आहे.

स्वर्गात पोहोचलेले शरीर

येत्या १५ ऑगस्टला आपण मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण साजरा करू. १९५० साली पोप पायस बारावे यांनी हे श्रद्धासत्य जाहीर केले: मरियामाता आत्म्यासह आणि शरीरासह स्वर्गीय वैभवात घेतली गेली. शरीरासह! नाझरेथच्या विहिरीवरून पाणी वाहून आणलेले, दळणकांडण केलेले, बाळाला दूध पाजलेले, क्रुसाखाली उभे राहून थकलेले ते शरीर. देवाने ते टाकून दिले नाही. ज्या शरीराला देव स्वर्गात जागा देतो, त्याची आपण मांडवात टिंगल कशी करणार? आणि त्याची हेळसांड तरी कशी करणार?

याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभू येशूने मरणातून उठवले. सगळे थक्क होऊन पाहत राहिले. तिला काहीतरी खायला द्या, हे मात्र फक्त त्यालाच सुचले. पुनरुत्थानानंतर रात्रभर जाळी टाकून दमलेले शिष्य किनाऱ्याला लागले, तेव्हाही निखाऱ्यांवर मासे आणि भाकर तयार होती. पेत्राला तीन वेळा प्रश्न विचारला तो न्याहारी झाल्यावर. आजही या वेदीवर तो आधी आपल्याला खाऊ घालतो आणि मगच जगात पाठवतो. उद्या पहाटे आपले मूल गाडी पकडायला निघेल, तेव्हा आपणही त्याच्याशी तसेच वागू या.

हे प्रभू येशू, आमच्या घरातील शिकणाऱ्या मुलामुलींना तू दमलेले पाहतोस. त्यांना शांत झोप दे, वेळेवर अन्न दे आणि स्वतःच्या शरीराविषयी कृतज्ञ मन दे. आमच्या जिभेला आवर घाल आणि आमचा हात त्यांच्यापर्यंत आधी पोहोचू दे. आमेन.

आपले धर्मगुरू